जेझुस पडला, हॅवर्ट्झ पडला, तरी जानेवारीत स्ट्रायकर नाही

लालपांढरा: आर्सेनलच्या २०२४-२५ च्या मोसमाबद्दल काल एकाने लिहिलं, "जानेवारीत घाईने स्ट्रायकर न घेणं हा मॅनेजर आर्टेटाचा शहाणपणाच. दुखापती कोणाच्या हातात असतात?" वाचून डोकं तडकलं. आपला स्ट्रायकर जेझुस, त्याचा गुडघा १२ जानेवारीला गेला, खेळाडू घ्यायची विंडो बंद झाली ३ फेब्रुवारीला. तीन आठवडे हातात होते! साका तर डिसेंबरपासूनच बाहेर. मग मार्टिनेली गेला, दुबईच्या सरावात हॅवर्ट्झ गेला आणि स्ट्रायकरच्या, म्हणजे नऊ नंबरच्या जागी उभा राहिला मेरिनो, मिडफिल्डर! लीगमध्ये लिव्हरपूल चार मॅच हरलं, आपणही चारच. त्यांचे ड्रॉ ९, आपले १४. लीग तिथे गेली.

मधली फळी: घ्यायचा कोणाला, ते सांग की. अ‍ॅस्टन व्हिलाने त्यांचा स्ट्रायकर वॉटकिन्सला सोडलं नाही. खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा एडू नोव्हेंबरमध्ये गेला, त्याच्या जागी बर्टा मार्चमध्ये आला, म्हणजे जानेवारीत कायमचा स्पोर्टिंग डायरेक्टरच नव्हता. आणि मेरिनोला नावं ठेवू नकोस. लेस्टरविरुद्ध उशिरा उतरला, न्वानेरीच्या क्रॉसवर हेडर मारला, थोड्याच वेळात दुसरा गोल. लिव्हरपूलनेही त्या मोसमात किएझाशिवाय कोणाला आणून खेळवलं? जिंकलेच ना?

लालपांढरा: त्यांच्याकडे सालाह होता, लीगमध्ये २९ गोल. आपला अव्वल हॅवर्ट्झ, ९! आणि लेस्टरच्या पुढच्याच मॅचला वेस्ट हॅम आपल्या मैदानात १-० ने जिंकून गेलं, ते सोयीस्कर विसरलास.

डावा बॅक: जानेवारीचं काय घेऊन बसलात, घोळ ऑगस्टमधला आहे. आपल्याच अ‍ॅकॅडमीतला स्ट्रायकर एन्केतिया क्रिस्टल पॅलेसला विकला आणि त्याच्या जागी स्ट्रायकर आणलाच नाही. स्टर्लिंग लोनवर, म्हणजे उसना आला, तो विंगर. मी कॉलेजच्या संघात राखीव स्ट्रायकर होतो. शेवटची दहा मिनिटं मिळायची, पण दमलेल्या डिफेंडरसमोर ताजे पाय काय करतात ते मी मैदानात पाहिलंय. घरचा पोरगा असा विकत नाहीत.

हिशेबनीस: भावना ठीक आहेत, पण क्लबने स्वतः घडवलेल्या अ‍ॅकॅडमीच्या खेळाडूची हिशेबाच्या वह्यांतली किंमत शून्य. विकला की सगळी रक्कम त्याच वर्षी नफा. विकत घेतलेल्याची किंमत मात्र पाच वर्षांपर्यंत पसरवता येते. लीगच्या तेव्हाच्या नियमात तीन वर्षांचा तोटा १०.५ कोटी पौंडांवर जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून स्मिथ रो आणि एन्केतिया, दोघे अ‍ॅकॅडमीचे, एकाच उन्हाळ्यात गेले.

डावा बॅक: म्हणजे नियमच सांगतो, घरचे विका आणि बाहेरचे आणा! आठ-नऊ वर्षांचं पोर क्लबमध्ये येतं, पोरगं मोठं होतं आणि तुम्ही त्याच्याकडे बघून ताळेबंद वाचता. न्वानेरीही घरचाच पोरगा, उद्या त्याचंही हेच करणार का?

हिशेबनीस: माझ्यावर का भडकतोस? नियम मी केलेला नाही.

मधली फळी: अरे, धागा आर्टेटावर होता! एन्केतियाला खेळायला मिळत नव्हतं. त्याला बेंचवर सडवायचं होतं का?

डावा बॅक: जेझुस आणि हॅवर्ट्झ दोघे पडल्यावर बेंचवर कोण राहिलं असतं? तोच सुरुवातीपासून खेळला असता.

मधली फळी: बरं, हे मान्य. ऑगस्टमध्ये बदली खेळाडू आणायला हवा होता. पण म्हणून जानेवारीत मिळेल त्याला उचलायचं नाही. २०२१ च्या जानेवारीत लिव्हरपूलने घाईत डिफेंडर बेन डेव्हिस घेतला. एकही अधिकृत मॅच खेळला नाही त्यांच्यासाठी.

लालपांढरा: डेव्हिसच्या जोडीला काबाक लोनवर आला होता, तो खेळला आणि लिव्हरपूल तिसरं आलं. लोनवर एक स्ट्रायकर, एवढंच मागतोय मी. पुढच्या उन्हाळ्यात स्ट्रायकर ग्योकेरेश घेतलाच ना? गरज कळायला अख्खा मोसम घालवला.