वरिष्ठांचा दरारा आणि रुग्णाची सुरक्षितता

धागाकर्ती (परिचारिका, २२ वर्षे सेवा)

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये एक इशारा काढून, सहकाऱ्यांना धाकात ठेवणाऱ्या वागणुकीमुळे वैद्यकीय चुका होतात असे स्पष्ट म्हटले आणि १ जानेवारी २००९ पासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना आचारसंहिता बंधनकारक केली. आपल्याकडे मात्र ‘सर तापट आहेत, पण हाताला यश आहे’ एवढ्यावर विषय मिटतो.

एका रात्रपाळीत मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर इन्सुलिनचे ४ युनिट लिहिले आहेत की ४०, हे मला कळेना. युनिटसाठी घाईत लिहिलेले इंग्रजी अक्षर वरून जुळले की त्याचे शून्य होते. आदल्याच आठवड्यात राऊंडला सर्वांदेखत ‘एवढेही वाचता येत नाही का?’ असे ऐकून घेतले असल्यामुळे मी फोन केला नाही. शेजारच्या वॉर्डातील सिस्टरना बोलावले आणि आम्ही दोघी तो कागद ट्यूबलाइटखाली धरून तर्क करत बसलो. इन्सुलिन सकाळपर्यंत दिलेच गेले नाही, आणि तोवर साखर ३८० च्या वर गेली होती. फोन न करणे ही चूक माझीच होती, हे मान्य करूनच हा धागा काढला आहे.

प्रतिसाद १ (शल्यचिकित्सक)

आपल्या अनुभवाविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. रक्तस्राव सुरू असताना ‘कृपया क्लॅम्प देता का?’ असे म्हणण्याइतका वेळ नसतो, आणि अशा वेळच्या चढ्या आवाजाला दहशत म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय आपल्या उदाहरणातील खरा दोष अक्षराचा आहे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याचा नियम केला, तर कोणाचा स्वभाव बदलण्याची गरजच उरत नाही.

प्रतिसाद २ (भूलतज्ज्ञ)

इंग्लंडमधील वैमानिक मार्टिन ब्रॉमिली यांच्या पत्नीचे २००५ मधील प्रकरण येथे आठवते. सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने श्वासनलिकेला छेद देण्याचा संच आणून ठेवला, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागितली. डॉक्टरांनी मनावर घेतले नाही, तेव्हा ती खाट रद्दही करण्यात आली. १३ दिवसांनी रुग्णाचा मृत्यू झाला.

प्रतिसाद ३ (शल्यचिकित्सक)

हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथे कोणी कोणावर ओरडल्याची नोंद नाही. एकाच प्रयत्नात मन अडकून वेळेचे भान सुटले, आणि तसे अत्यंत मृदू स्वभावाच्या डॉक्टरचेही होऊ शकते. त्यावर आचारसंहिता काय करणार?

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

डॉक्टरसाहेब, हा मुद्दा मला पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. मन अडकलेल्या डॉक्टरला भानावर आणू शकतील अशी माणसे त्याच खोलीत, हातात संच घेऊन उभी होती. त्यांना ठामपणे बोलता आले नाही, कारण वरिष्ठांना टोकायचे नसते हे आम्ही प्रशिक्षणातच शिकतो, आणि पुढे एखाद्याने चारचौघांत पाणउतारा केला की ते पक्के होते. शस्त्रक्रियागृहातला चढा आवाज आम्ही दहा मिनिटांत विसरतो. लक्षात राहते ते दुसरेच: मध्यरात्री विचारलेल्या शंकेवर काही न बोलता आपटलेला फोन, किंवा दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, गेलेली तक्रार.

‘युनिट’ पूर्ण लिहिण्याचा नियम अवश्य करावा. तो पाळायला एखादे दिवशी कोणी विसरेल, तेव्हा ड्यूटीवरील सिस्टरला फोनच करावा लागेल, आणि तो कसा घेतला जाईल एवढेच मी विचारते आहे.

प्रतिसाद ५ (शल्यचिकित्सक)

आचारसंहितेच्या नावाखाली वैयक्तिक हिशेब चुकते होतात, हे मी पाहिले आहे. म्हणून माझा विरोध कायम आहे. मात्र डोसविषयी शंका विचारणारा फोन रात्री कितीही वाजता आला तरी त्याबद्दल मेट्रनकडे तक्रार करता येणार नाही, असा लेखी नियम कोणी मांडला तर मी त्यावर सही करीन.