डोंगरउतारावरचा गोल्फ कोर्स: मदत हवी आहे

मंडळी, आजवर सगळा खेळ सपाट कोर्सवर झाला. आता पहिल्यांदाच डोंगरावरच्या, खाली समुद्र दिसणाऱ्या कोर्सवर दोन राउंड खेळलो आणि पुरता उघडा पडलो. देखावा असा की स्कोअरकार्ड भरायचंच विसरावं. (भरलं नसतं तर बरं झालं असतं.)

चेंडू पायांपेक्षा वर असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे, हे माहीत आहे. त्याप्रमाणे निशाणा सरकवतो, चेंडू वर असेल तेव्हा क्लबवरची (काठीवरची) ग्रिपही थोडी खाली धरतो. पण चेंडू समोर खाली जाणाऱ्या उतारावर असला की पार गडबड. खांदे उताराला समांतर ठेवायला गेलो की तोल पुढे जातो आणि चेंडूच्या वरच्या भागावर फटका बसतो. तुम्ही वजन नेमकं कुठे ठेवता? स्टान्स (उभं राहताना पायांतलं अंतर) किती रुंद घेता?

दुसरं, उंच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खालच्या ग्रीनकडे (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीकडे) मारताना क्लब कसा निवडायचा? १५० यार्डांचा फटका, ग्रीन साधारण २० यार्ड खाली, म्हणून १३० यार्ड जाणारा क्लब घेतला. समोरून समुद्राचा वारा आला आणि चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात)! चेंडू जास्त वेळ हवेत राहतो म्हणून वाऱ्याचा हिशेब वेगळा धरायचा का?

आणि ग्रीनवर चढ वाटतो तिथे उतार निघतो. डोळे फसतात, की पुटिंगच (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलणं) वाईट आहे माझं? अशा कोर्सवर नेहमी खेळणाऱ्यांनी कृपया सांगा. पुढच्या रविवारी परत जायचंय.