मदत हवी आहे: रेडिएशनचं लिमिट २० कोणी ठरवलं? (एक्स-रे विभागात काम करते, गरोदर आहे)

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पाच वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. एक फिक्स मशीन, एक पोर्टेबल, शिफ्टला मी आणि एक शिकाऊ मुलगा. गेल्या महिन्यात कळलं की दिवस गेलेत. आता अकरावा आठवडा चालू आहे.

सासूबाई म्हणतात, सोड नोकरी. सेंटरच्या सरांना सांगितलं तर त्यांनी माझा टीएलडी रिपोर्ट (अंगावरच्या बॅजने मोजलेला किरणांचा डोस, मिलीसिव्हर्टमध्ये) काढला, ०.१० ला पेनाने गोल केला आणि म्हणाले, "लिमिट २० आहे. तुम्ही कुठे, लिमिट कुठे! काही होत नाही." लहान पोराला धरायला अजूनही मलाच आत पाठवतात.

खरं सांगू, त्या ०.१० वरही माझा भरवसा नाही. आमचे बॅज एप्रनसोबत एकाच खिळ्याला लटकतात, तेही मशीनच्या खोलीत, चेस्ट स्टँडच्या शेजारी. पोर्टेबलला पळताना बॅज किती वेळा खिळ्यावरच राहिलाय.

डिप्लोमाला "वर्षाला २० मिलीसिव्हर्ट" पाठ केलं, मार्कही मिळाले. पण हा आकडा आला कुठून? सरकारकडून, डॉक्टरांकडून, की मशीनवाल्यांकडून? आणि पोटात बाळ असतानाही तोच? मला भांडायचं नाहीये, पण बोलताना हातात काहीतरी हवं.

— ठाणेकरीण

जुना_मोजणीवाला:
आधी अभिनंदन, ताई. माझी सगळी नोकरी लोकांचे डोस मोजण्यात गेली, हल्ली वाशीला नातवंडं मोजतो.

सरांचा आकडा बरोबर आहे, फक्त तो तुमचा नाही. गरोदर असल्याचं कळवलंत की तिथून पुढे गर्भाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त नको, हा एईआरबीचा, म्हणजे आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम. सामान्य जनतेलाही वर्षाला १च. नोकरी तुम्ही पत्करलीत, बाळाने नाही, म्हणून त्याची गणती जनतेत.

आता कोणी ठरवलं ते. सुरुवातीच्या रेडिओलॉजिस्टांची बोटं अक्षरशः झडत होती. १९२८ साली स्टॉकहोमला त्यांच्या जागतिक परिषदेत किरणांपासून संरक्षणासाठी एक समिती नेमली गेली, तीच १९५० पासून आयसीआरपी म्हणून ओळखली जाते. ती कुठल्या सरकारची नाही की मशीनवाल्यांची नाही. तज्ज्ञ शिफारस करतात, कायदा करण्याचा अधिकार त्यांना नाही. १९३४ ला त्यांनी दिवसाला ०.२ राँटजेन (तेव्हाचं किरणांचं माप) चालेल म्हटलं होतं! तेव्हा सगळं लक्ष कातडी भाजण्याकडे. वर्षाचा हिशेब करा, आजच्या मापात ५०० मिलीसिव्हर्टच्या पुढे जातो. पन्नाशीच्या दशकाअखेरीस ते वर्षाला सरासरी ५० वर आलं आणि १९९० च्या शिफारशींत २० वर.

१९९० ला एवढं खाली का? हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांची पाहणी १९५० पासून चालू आहे. ती माणसं म्हातारी होत गेली तशी कॅन्सरची संख्या अपेक्षेपेक्षा वर गेली, त्यात ऐंशीच्या दशकात त्यांना मिळालेला डोसही नव्याने मोजला गेला. धोका आधी धरला होता त्याच्या काही पट निघाला.

असे पुरावे चाळायचं काम १९५५ पासून संयुक्त राष्ट्रांची अनस्केअर ही समिती करते. त्यावरून आयसीआरपी शिफारस करते, मग आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वगैरेंना बरोबर घेऊन मानकं लिहिते, आणि देशाचा नियामक त्याचा नियम करतो. आपल्याकडे एईआरबी, स्थापना १९८३. वर २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत. पाच वर्षांत १०० हे दोघांचं सारखंच, पण एखाद्या वर्षी आयसीआरपी ५० पर्यंत सूट देते, आपण ३० वर थांबवतो.

चिंचगूळ:
कागदावर आपण नेहमीच कडक असतो काका. २०१२ च्या कॅग अहवालात वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी ९१ टक्के नोंदणीशिवाय चालू असल्याचं आलं होतं.

जुना_मोजणीवाला:
खरं आहे, आमच्या वर्तुळात तेव्हा बरीच चर्चा झाली होती. पण ताईंच्या हातात आत्ता तो कागदच कामाचा आहे.

खारघरची:
मी एका मोठ्या हॉस्पिटलात आरएसओ, म्हणजे किरणसुरक्षा अधिकारी आहे. आजच लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. नोकरीची भीती असेल तर हे वाचा: गरोदरपण कळवलं म्हणून बाईला कामावरून दूर करू नये, काम बदलून द्यावं, असं त्या आंतरराष्ट्रीय मानकांतच लिहिलंय (२०१४ ची आवृत्ती). पोर्टेबल आणि पेशंट धरणं आजपासून बंद. पोराला आई किंवा बाबा धरतील, लेड एप्रन घालून. आणि तो खिळा आधी काढा! खोलीत लटकणारा बॅज तुमचा नाही, भिंतीचा डोस मोजतोय. बॅज छातीवर, एप्रनच्या आत. आणि कंट्रोल बॅज, जो कोणी घालत नाही, किरणांपासून लांब ठेवायचा असतो, तो कुठे असतो तुमचा?

ठाणेकरीण:
कंट्रोलही त्याच खिळ्याला 🙈

खारघरची:
अरे देवा. मग ०.१० विसराच. तुमच्या बॅजमधून कंट्रोलचा आकडा वजा करून तुमचा डोस काढतात, आणि तोच खोलीत बसून किरणं खातोय.

ठाणेकरीण:
१ च्या आत राहिले म्हणजे बाळ एकदम सेफ ना? आणि आतापर्यंतचे अकरा आठवडे?

जुना_मोजणीवाला:
घाबरू नका. बाळात व्यंग येण्याची भीती १०० मिलीग्रेच्या (एक्स-रेला साधारण तेवढेच मिलीसिव्हर्ट) खाली नसते, हे आयसीआरपीचंच म्हणणं, आणि कंट्रोल पॅनलमागे उभं राहून एक्स-रे काढणारी बाई त्याच्या जवळपासही जात नाही. कॅन्सरचं मात्र अमुक आकड्याखाली शून्य धोका, असं धरत नाहीत. जितका डोस कमी तितका धोका कमी, असं मानून चालतात. म्हणून १ हे ताट भरून घ्यायचं माप समजू नका, ०.१ मध्ये भागत असेल तर ०.१ मध्येच भागवायचं.

ठाणेकरीण:
अपडेट. खिळा बाहेर पॅसेजमध्ये गेला, कंट्रोल बॅज रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. काल एका पोराला त्याच्या बाबांनी धरलं, एप्रन त्यांच्या गुडघ्याच्या खाली लोंबत होता. सरांनी अर्ज घेतला, वाचला, खिशात घातला. पोच मागितली तर "घरच्यासारखे आहोत आपण" म्हणाले.

खारघरची:
हेच आत्ता ईमेलवर पाठवा.