साम्राज्य चांगलं आणि साम्राज्यवाद वाईट? (शिवाय मुलूखगिरी, खंडणी, तैनाती फौज वगैरे)

परवा भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो तर ती म्हणाली, मामा साम्राज्यवाद वाईट असतो ना मग मराठा साम्राज्य चांगलं कसं? माझी बोलतीच बंद. म्हटलं इथे विचारावं.

मला सुचलं ते असं. साम्राज्य हा शब्द आपल्याकडे फार जुना, गणपतीत आरती झाली की मंत्रपुष्पांजलीत आपण सगळे हातात फुलं घेऊन 'साम्राज्यं भोज्यं स्वाराज्यं' म्हणतो ते ऐतरेय ब्राह्मणातलं. त्यामुळे त्याला कापूर-उदबत्तीचा वास आहे. साम्राज्यवाद मात्र इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द म्हणून घडवलेला, आणि तो आपण मार खाणाऱ्याच्या बाजूने शिकलो. आपण स्वतः जे करत होतो त्याला तिसराच शब्द, मुलूखगिरी. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि निघायचं. मूळ फारसी, गीर म्हंजे घेणारा, धरणारा. जहागीर, बारगीर त्यातलेच (आणि हो, दादागिरीतली गिरीपण तिथूनच आलीय). म्हणजे मुलूखगिरीचा सरळ अर्थ मुलूख घेणं, पण कानाला कसं मोहिमेसारखं, मर्दानी वाटतं.

मग वसाहतवाद कुठे वापरायचा? दोन्ही एकच का?

प्रतिसाद: एकच नाहीत. वसाहत वसणे-वसवणे मधली, तिथे माणसं जाऊन राहायला हवीत. ऑस्ट्रेलियात इंग्रज जाऊन वसले ती खरी वसाहत. इथे साहेब नोकरी करायचा, पेन्शन घ्यायचा आणि बोटीत बसायचा. शिवाय मराठीत वसाहत म्हटलं की पोलीस वसाहत नाहीतर औद्योगिक वसाहत आठवते, त्यामुळे वसाहतवाद ऐकून कुणाला राग येत नाही, हाउसिंग सोसायटीचा काहीतरी प्रकार वाटतो :)

प्रतिसाद: बारगीर निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. साधा हुद्दा. तोच शब्द बंगालमध्ये 'बर्गी' झाला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात तिथे वर्षामागून वर्ष जात होत्या, त्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकरांना १७४४ मध्ये बोलणीला बोलावून दग्याने मारलं, आपल्या पुस्तकात एवढंच ठळक असतं. शेवटी १७५१ च्या तहात बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख चौथाई कबूल केली. नागपूरच्या हिशोबात हे उत्पन्न. आणि बंगाली आया पोराला झोपवताना अजून म्हणतात की बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता खाजना (म्हणजे सारा) कशाने भरू. माझ्या कोलकात्याच्या रूममेटने हे मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा काय बोलावं कळेना. आपला हुद्दा त्यांचा बागुलबुवा.

प्रतिसाद: खंडणीचंही तेच. तेव्हा दप्तरात जमेच्या बाजूला लिहायचे, आता पोलिसांचं खंडणीविरोधी पथक असतं.

प्रतिसाद: आणि चौथाई काय वेगळी होती? महसुलाचा चौथा हिस्सा द्या म्हणजे आम्ही तुमच्या मुलखाला त्रास देणार नाही आणि दुसऱ्यालाही देऊ देणार नाही. आता तैनाती फौज बघा. वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचं ६००० पायदळ पदरात घेतलं आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. संरक्षणाचे पैसे ज्याची भीती त्यालाच द्यायचे. त्यात तैनात हा शब्द किती गोड, वाटतं फौज आपल्या हुकमात उभी आहे! होती आपल्या उरावर. १८१८ ला राज्यच गेलं.

प्रतिसाद: ते सगळं खरं पण इंग्रजांनी रेल्वे दिली, पोस्ट दिलं, कायदा दिला, तेही मोजा की. सगळं लूट म्हणून कसं चालेल.

धागाकर्ता: शब्दाचा धागा आहे म्हणून शब्दावरच बोट ठेवतो, 'दिली' हे क्रियापद चुकतंय. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, ती बांधणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी होती, धंद्यात तेवढं सुटलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा. म्हणजे नफा झाला तर लंडनचा आणि तोटा झाला तर आमच्या शेतसाऱ्यातून. याला 'दिली' म्हणत नाहीत, 'आमच्या खर्चाने बांधली' म्हणतात. गाडीत आपण बसलो, फायदा झाला, नाही कोण म्हणतं. पण हे गणित कळायला दादाभाई नौरोजींपर्यंतही थांबावं लागलं नाही, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पेपरात पत्रं लिहून पैसा कसा बाहेर जातोय ते सुनावलं होतं.

प्रतिसाद: 'आमच्या' म्हणजे नक्की कुणाच्या हेही बघा. पेशवाईत ज्याला पाटी-पेन्सिलला हात लावू देत नव्हते त्याचा जमाखर्च वेगळा निघतो. महात्मा फुल्यांनी इंग्रजी अमलात शिक्षणाचं दार किलकिलं झालं हे मानलं आणि त्याच सरकारच्या शेतसाऱ्यावर, गोऱ्या-काळ्या कामगारांवर (म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांवर) कोरडेही ओढले. मला तो हिशोब सगळ्यात खरा वाटतो. मुलूखगिरीच्या काळातला असो की साहेबाच्या, सारा भरणारा कुणबी तोच होता.

धागाकर्ता: हे पटलं. भाचीला आता सांगणारे की राज्य पसरवणारा त्याला साम्राज्य म्हणतो आणि ज्याच्या अंगणात पसरतं तो साम्राज्यवाद. पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील का ते माहीत नाही.

प्रतिसाद: नाही मिळणार. आणि ते 'भोज्यं' नाही हो, 'भौज्यं' आहे. भोज्य म्हणजे जेवायचं. यंदा तरी गणपतीत नीट म्हणा, मोदक नंतर.