'द ऑफिस': सहाव्या सीझननंतर गोष्ट हरवते का?

ओंकार_चिंचवड

नमस्कार मंडळी. अमेरिकन 'द ऑफिस' पहिल्यांदाच बघतोय, सहाव्या सीझनच्या मध्यावर आहे. जिम-पॅमचं नायगाराला लग्न झालं, त्यांची बुडत चाललेली कागद कंपनी डंडर मिफ्लिन प्रिंटरवाल्या सेबरने विकत घेतली, आणि आता एक भाग संपला की पुढचा लावावासा वाटत नाही. हसू येतं, ड्वाइट अजून तितकाच आवडतो. पण तिसऱ्या सीझनला दुसऱ्या दिवशी ऑफिस असूनही मी मध्यरात्र उलटेपर्यंत जागायचो. जिम स्टॅमफर्डच्या शाखेतून परत आलाय, पॅम आता काय करणार, हे कळल्याशिवाय झोप लागायची नाही. तसं आता काहीच लागून राहत नाही. लग्न झालं म्हणून गोष्ट संपली का? की लेखक बदलले? शेवटपर्यंत बघू का? पुढचं कथानक सांगितलंत तरी चालेल.

वृषाली_संवाद

ओंकार, मी मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय.

दुसऱ्या सीझनमधला तो भाग आठव, ज्यात मॅनेजर मायकेल आणि त्याची बॉस जॅन एका मोठ्या गिऱ्हाइकाला भेटतात. मायकेल भेटीची जागा परस्पर बदलतो, त्या माणसाला चिलीज रेस्टॉरंटमध्ये बसवतो, गप्पा मारतो, गाणं म्हणतो. जॅन वैतागलेली असते, आणि शेवटी काम मायकेलच मिळवतो! इकडे ऑफिसात सगळे त्याने लिहिलेली गुप्तहेराची पटकथा वाचून हसतायत. आणि वर गच्चीवर जिम-पॅम सँडविच खात ड्वाइटची आतषबाजी बघतायत. बावीस मिनिटांत तीन धागे, आणि तिन्ही पुढे वापरले. मायकेल वाईट मॅनेजर असला तरी पट्टीचा विक्रेता आहे, हे 2005 मध्ये दाखवून ठेवलं होतं. म्हणूनच 2009 मध्ये त्याची स्वतःची कागद कंपनी डबघाईला आलेली असताना तो डंडर मिफ्लिनच्या डेव्हिड वॉलेस या साहेबाकडून स्वतःबरोबर पॅम आणि रायनचीही नोकरी वसूल करतो, ते आपल्याला पटतं. पटकथेचा सिनेमा तर थेट सातव्या सीझनमध्ये पडद्यावर येतो. गोष्ट सांगणं म्हणतात ते हेच.

तो भाग पॉल लीबरस्टीनने लिहिलाय. मालिकेत टोबीचं काम करणारा तोच. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मालिकेची सूत्रं त्याच्याकडे होती. म्हणजे 'चांगले लेखक गेले' एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. ही मालिका उभी करणारे ग्रेग डॅनियल्स आणि लेखक मायकेल शुर 2009 मध्ये 'पार्क्स अँड रिक्रिएशन' ही नवी मालिका घेऊन बसले, त्याचा फटका बसलाच. पण मला मोठं कारण वेगळं दिसतं. सुरुवातीला या माणसांना काहीतरी हवं असायचं आणि ते बोलता येत नसायचं. समोर कॅमेरा, शेजारी सहकारी, वर नोकरीची भीती. त्यांची स्क्रँटनची शाखा बंद होणार एवढी कुणकुण लागली तरी प्रत्येकाचा चेहरा बदलायचा. आठव्यात काय होतं? अँडी मॅनेजर असतो, तो रिसेप्शनिस्ट एरिनला आणायला फ्लोरिडाला जातो. तेवढ्यात नेली नावाची सेबरची अधिकारी येते आणि सरळ त्याच्या खुर्चीत बसते. वरचा साहेब रॉबर्ट कॅलिफोर्निया म्हणतो, बसू दे. मी तिथे टीव्हीसमोर रागावले होते. खुर्ची अशी मिळत असेल, तर आधीची सात वर्षं ही सगळी माणसं कशाला घाबरत होती?

केविनचं तर मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या सीझनचा केविन संथ आहे, पण पोकरची मोठी स्पर्धा जिंकलेला आहे. तिसऱ्यात फिलिसच्या लग्नात त्याचा बँड वाजतो. त्याला ऑफिसबाहेरचं आयुष्य होतं. पुढे विनोदाच्या सोयीसाठी त्याला इतका बिनडोक केला की मालिकेच्या अखेरीस कळतं, हा हिशेब जुळवायला मनानेच एक आकडा बनवून वापरत होता. पोकरपटू असं करेल? आमच्याकडेही ट्रॅक लांबवायचा आदेश आला की पहिला बळी असाच दुय्यम पात्राचा जातो. एका मालिकेत एका शहाण्या मावशीचं आम्ही जे करून ठेवलं, ते आठवलं की अजून त्रास होतो.

दिलीप_ठाणे

वृषालीताईंना अनुमोदन. एक भर घालतो. आपल्याकडे 2001 पासून सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' लागायचं. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर भागात नव्या सरकारी कचेरीत, आणि समोर तीच मंडळी: संजय मिश्रा, देवेन भोजानी, मनोज पाहवा, आपली आसावरी जोशी. त्यात पुढे नेण्याची गोष्टच नव्हती. दर भागात माणूस नागवला जायचा, एवढंच. त्यामुळे कुठलाही भाग कधीही लावा, उणं वाटत नाही. अमेरिकन 'ऑफिस'ने प्रेक्षकाला वाट बघायची सवय लावली आणि मग वाट बघण्यासारखं काही ठेवलं नाही. ओंकारराव, तुमची तक्रार रास्त आहे.

स्नेहा_पिट्सबर्ग

माझं मत वेगळं आहे. नववा सीझन सोडू नकोस. त्यासाठी ग्रेग डॅनियल्स परत आले आणि ते जाणवतं. जिम फिलाडेल्फियाला नव्या कंपनीत, पॅम मुलांना घेऊन स्क्रँटनला. लेकीच्या नाचाचं चित्रीकरण पॅमकडून होत नाही आणि जिम फोनवर तिच्यावर चिडतो. फोन ठेवल्यावर ती रडते, आणि इतकी वर्षं न दिसलेला ध्वनिमुद्रणवाला ब्रायन माईक बाजूला ठेवून तिच्याजवळ येतो. ही दोन शहरं गाडीने दोन-अडीच तासांवर आहेत. रोज येणं-जाणं होत नाही आणि घर हलवण्याइतकं लांबही वाटत नाही. माझा नवरा अशाच अंतरावर नोकरीला होता. लग्नानंतर गोष्ट संपत नाही, हे मालिकेला माहीत होतं.

वृषाली_संवाद

स्नेहा, तो प्रसंग मलाही थेट लागला. नेमका म्हणूनच पुढचं खटकतं. एवढं मोठं दार उघडलं, आणि ब्रायनला थोड्याच भागांत बाजूला सारला. जिम-पॅमचं भांडण मात्र त्यांनी प्रामाणिकपणे निभावलं, हे मान्य. नोकरी, घर, दोघांपैकी कोणी काय सोडायचं, म्हणजे पुन्हा काहीतरी पणाला लागलं होतं. अँडीला बोटीवरून दूर पाठवून दिलं नसतं तर तो सीझन मी अजून वर ठेवला असता.

ओंकार, सातवा पूर्ण बघ. 28 एप्रिल 2011 ला मायकेल निरोप घेतो तो भाग मधले भाग गाळून बघू नकोस, नाहीतर त्याने एकेकाला दिलेल्या भेटींचा अर्थ लागणार नाही. आठव्यातले सुरुवातीचे काही भाग बघून पुढे सरक आणि नववा सलग बघ.

ओंकार_चिंचवड

सगळ्यांचे आभार. वृषालीताई, चिलीजचा भाग आज पुन्हा लावला. पटकथेतल्या मूर्ख मदतनिसाच्या जागी मायकेलने आधी ड्वाइटचंच नाव लिहिलेलं होतं, हे मी पार विसरलो होतो. सातव्यातल्या त्या सिनेमात ड्वाइटला कोणती भूमिका दिली आहे?

वृषाली_संवाद

ते मी सांगणार नाही. बघून लिही.