एकट्यापुरता हलका कॅम्पिंग ट्रेलर: भिंती कशाच्या कराव्यात?

प्रश्न:
छोट्या मोटारीमागे ओढता येईल असा, फक्त झोपण्यापुरता ट्रेलर घरीच बांधण्याचा माझा विचार आहे. भिंतींसाठी प्लायवूड घ्यावे की फोम? वजन कमी राहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद १:
वजनाचाच विचार असेल, तर एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा कडक, हलका फोम) निवडावा. नुसता फोम दाबला तरी खचतो. परंतु त्याच्या दोन्ही बाजूंना सुती कॅनव्हास लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने ताणून चिकटवला आणि वरून बाह्य भिंतींचा रंग दिला, की भिंत चांगली ताठ होते. त्याआधी फोमचा गुळगुळीत पृष्ठभाग तारेच्या ब्रशने खरवडावा, नाही तर गोंद धरत नाही. सॉल्व्हंट असलेला गोंद मुळीच वापरू नये, कारण त्याने फोम विरघळतो. बिजागऱ्या जिथे येणार तिथे लाकडी पट्ट्या आधीच बसवाव्यात; फोममध्ये स्क्रू टिकत नाही.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, मात्र जमीन प्लायवूडचीच असावी. शिवाय वजन किती, याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार मोटार आणि ट्रेलर यांच्या जोडणीवर यावा. मागचा भाग जड झाला, तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. म्हणून पाण्याचे कॅन आणि बॅटरी चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावी.

प्रतिसाद ३:
एक झरोका खाली आणि एक वर हवाच. शेगडी आत कधीही पेटवू नये, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.