३० लिटरच्या टाकीत फायटरसोबत कोणते मासे ठेवावेत?

प्रश्न (दादर): आमच्या ३० लिटरच्या टाकीत एकच नर फायटर, म्हणजे बेटा, आहे. टाकी रिकामी वाटते असे म्हटल्यावर क्रॉफर्ड मार्केटमधील एका दुकानदाराने गप्पी सुचवले. ते त्याच्यासोबत टिकतील का?

उत्तर (ठाणे): गप्पी टाळावेत. रंगीत, झुपकेदार शेपटीचा मासा दिसला की नर फायटर त्याला प्रतिस्पर्धी समजून कल्ले फुलवतो आणि शेपटीचे लचके तोडतो. एवढ्या जागेत नेराइट गोगलगाय उत्तम. ती काचेवरचे शेवाळ खाते, आणि तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नसल्याने पिलावळ होत नाही. त्या अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र काचेवर चिकटून राहतात, तेवढे चालवून घ्यावे लागते.

उत्तर (बोरिवली): सहमत. कोरीडोरास, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे, शांत असले, तरी ते किमान सहाच्या गटात ठेवावे लागतात आणि त्यासाठी ही टाकी अपुरी पडेल. चेरी श्रिम्प, म्हणजे छोटे लाल झिंगे, हवेच असतील तर जावा मॉस हे पाण्यातले शेवाळासारखे झाड दाट लावा, म्हणजे त्यांना लपायला जागा मिळेल. तरीही पिल्ले बहुधा फायटरच्याच पोटात जातील. झाकण अवश्य ठेवा, कारण तो उडी मारतो, पण श्वासासाठी पृष्ठभागावर येत असल्याने पाणी काठोकाठ भरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोगलगायच आणतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिलाही बाधते का?

उत्तर (बोरिवली): होय. अँटी-क्लोरीन घालूनच पाणी बदला.